अद्भुताचे वेड

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रातील गोष्ट. अन्नपूर्णा मंदिराच्या रस्त्याने आम्ही संध्याकाळी घरी परतत असता एका वृद्ध बाईंनी आम्हांस अडविले. हातातील पिशवीतून त्यांनी तांबड्या कापडी बांधणीचे एक जाडजूड पुस्तक काढले आणि म्हणाल्या, "मास्तर, हे तुमच्या वाचनालयाचे. दोन महिने झाले, परत करायचे राहून गेले. आता दातारांचे काही द्या."

पुस्तक होते नाथमाधवांचे 'वीरधवल'. आणि दातारांचे म्हणून देण्यासारखे आमच्याजवळ काहीएक नव्हते. पंधरा दिवसांपूर्वीच दातारांची सारी पुस्तके रद्दीवाल्याच्या तागडीत गेली होती, आणि ती तेथे घालणारे हात दुसऱ्या कोणाचे नव्हते, आमचेच होते.

हे वाचनालय म्हणजे आमच्या भागातील एका मंडळाच्या सभागृहामागची एक खोली. चार लोखंडी कपाटे, एक लाकडी टेबल, भिंतीवर लोकमान्यांची तसबीर आणि आठवड्यातून तीन दिवस उघडणारे दार. सभागृहाची दुरुस्ती निघाली तेव्हा पुढे दोनच कपाटांपुरती जागा उरेल असे ठरले. कोणती दोन कपाटे राखावयाची हा प्रश्न आला आणि मराठीचे एम. ए. म्हणून तो निवाडा साहजिकच आमच्याकडे सोपविण्यात आला. शाळेत तीस वर्षे लाल पेन्सिल चालविलेला हात. त्याला सवय होतीच. एका दुपारी आम्ही यादी घेऊन बसलो. हरिभाऊ आपटे, केतकर, वामनराव जोशी, खांडेकर, फडके यांना अभय दिले. नाथमाधव, दातारशास्त्री, अर्नाळकर आणि त्यांच्या पंगतीतील सगळ्यांवर लाल रेघ ओढली. पाने पिवळी पडलेली, कोपरे वाळवीने खाल्लेले, मजकूर तर भुयारे, कापालिक, गुप्त खलिते आणि मंतरलेल्या तलवारींचा. वाङ्मयाच्या इतिहासात ज्यांना दोन ओळींपलीकडे जागा नाही त्यांना आमच्या कपाटात तरी जागा कशाला, असा आमचा सरळ हिशेब होता.

बाईंना आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. रात्री मात्र वाचनालयात जाऊन देवघेवीची वही काढली. गेल्या दहा-बारा वर्षांची पाने उलटली आणि आम्हांस आमचीच लाज वाटू लागली. ज्यांना आम्ही अभय दिले होते त्यांची नावे वहीत शोधून काढावी लागत होती. एक केतकर तर आठ वर्षांत एकदाच बाहेर गेले होते, आणि ते कोणी नेले होते म्हणाल, तर आम्हीच. उलट 'कालिकामूर्ति', 'इंद्रभुवनगुहा', 'सोनेरी टोळी' ही नावे पानापानावर, निरनिराळ्या हस्ताक्षरांत, पुन्हा पुन्हा येत होती. त्यातील कित्येक सह्या थरथरत्या हातांच्या होत्या. जे वाचले जात होते ते विकून, जे वाचले जात नव्हते ते आम्ही मोठ्या विद्वत्तेने जपून ठेवले होते.

वास्तविक पाहता ही चूक आमच्या हातून तरी व्हावयास नको होती. कारण मराठी वाचावयास आम्ही शिकलो ते याच पुस्तकांवर.

आमचे घराणे इंदुरात कितव्या पिढीचे हे सांगता येणार नाही. होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या अनेक घरांपैकी तेही एक, एवढेच आम्हांस ठाऊक आहे. रामबागेतील जुना वाडा सोडून वडिलांनी अन्नपूर्णा भागात घर बांधले तेव्हा भोवती शेते होती आणि मंदिर पुरते वीस वर्षांचेही झाले नव्हते. महाद्वारावरच्या त्या पूर्णाकृती दगडी हत्तींची आम्हां मुलांना दिवसा गंमत वाटे आणि रात्री भीती. शाळा हिंदी, गल्ली हिंदी, खेळ हिंदी. मराठी फक्त घरात, आणि तीही "काय करून राहिला आहेस" या वळणाची, जिला पुण्याचे पाहुणे तोंडावर हसत नसत इतकेच.

उन्हाळ्यात सारे घर गच्चीवर झोपे. माळव्यातील रात्र दिवसभराचा ताप विसरायला लावते. लांब वायरीने एक दिवा वर आणलेला असे, आणि त्या दिव्याखाली आजी पुस्तक वाची. आजीचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. सकाळी पोथी, रात्री कादंबरी हा तिचा नेम. वाचनाची शैली दोन्हीकडे तीच, म्हणजे थोडी हेल काढून, शब्द न शब्द स्वच्छ. भोवती आम्ही पाच-सहा नातवंडे, दोघी काकू, कधी शेजारच्या बाई. नायक भुयाराच्या तोंडाशी येई, आत मशालीचा उजेड हाले, कोणाची तरी सावली भिंतीवर पडे, आणि आजी पुस्तकात बोट घालून ते मिटी. "आता उद्या."

आम्ही गलका करू. आजी शांतपणे पुस्तक पुढे करी. "एवढी घाई असेल तर वाचा आपले आपण."

या एका वाक्याने आम्हांस मराठी वाचक केले. लिपी ओळखीची होती, कारण हिंदीचीही तीच. अडे ते एका अक्षरापाशी. शाळेच्या हिंदी पुस्तकांत 'ळ' कधी भेटलाच नव्हता. आणि या कादंबऱ्यांत तर त्याचे राज्य! काळोख, ज्वाळा, कपाळ, खळाळ, कोळिष्टक, डोळ्यांचे निखारे. थोरल्या चुलतभावाने पहिल्या दिवशी 'काळोख' हा शब्द 'काकोख' असा वाचला होता, ते घरात अजून सांगतात. पण तो थांबला नाही. भुयारात पुढे काय आहे हे कळल्याशिवाय झोप येणार नव्हती, आणि भुयाराच्या दारावर 'ळ' पहारा देत उभा होता. कोणत्याही शिकवणीने जे महिन्यांत साधले नसते ते आठ रात्रींत साधले.

याच सुमारास 'चांदोबा' घरी येई. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आणि शंकर यांनी काढलेले त्याचे चित्र आमच्या पिढीतील कोणाला आठवत नाही? परंतु आम्ही अंक उघडत असू तो दुसऱ्याच पानांसाठी. दर महिन्याला तेथे एक क्रमशः कथा असे. मांत्रिक, राक्षस, पाताळातले किल्ले, माणसाळवलेली श्वापदे आणि एखादा सामान्य घरातला धीट तरुण. वर लेखकाचे नाव नसे. खूप पुढे, पन्नाशी जवळ आल्यावर आम्हांस कळले की त्या मूळ तेलुगू कथा दासरि सुब्रह्मण्यम् नावाचे एक संपादकीय विभागातले गृहस्थ लिहीत. १९५४ मध्ये 'धूमकेतू' अशा अर्थाच्या नावाची पहिली मालिका आली आणि १९७८ पर्यंत ती लेखणी थांबली नाही. त्यांची चित्रे काढणारे 'चित्रा' त्याच १९७८ मध्ये वारले. सुब्रह्मण्यम् २०१० साली गेले. देशभरच्या मुलांनी ज्यांची महिनोन्‌महिने वाट पाहिली त्या माणसाचे नाव त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक होते. आज 'चांदोबा'ही नाही. जुन्या अंकांना दोऱ्याने शिवून केलेले आमच्या घरचे दोन गठ्ठे तेवढे उरले आहेत.

हिंदीच्या बाजूनेही हेच वेड घरात शिरले होते. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' १८८८ मधली. ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली असे हिंदीचे इतिहासकार अभिमानाने सांगतात. आमच्या वडिलांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते. तिलिस्म आणि ऐयार हे शब्द ते अगदी उस्तादाच्या थाटात उच्चारीत. १९९४ मध्ये दूरदर्शनवर ती मालिका आली तेव्हा रविवारी सकाळी आमच्या गल्लीत हिंदी-मराठी असा भेद राहिला नव्हता. क्रूरसिंहाचे ते 'यक्कू' लहान मुलांपासून निवृत्त तहसीलदारांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होते. आमच्या शाळेतील एका गुरुजींनी वर्गात आमच्याकडून वेताळाची एक इंद्रजाल चित्रकथा जप्त केली होती. वर्षअखेरीस ती परत मिळाली, तेव्हा शेवटून चौथ्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. आम्ही काही तो दुमडला नव्हता.

एम. ए. ला आल्यावर या साऱ्याची आम्ही वासलात लावली. टिपणवहीत लिहून घेतले की मराठी कादंबरीच्या बाल्यावस्थेत 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कथांचे पीक आले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या अरबी गोष्टींच्या भाषांतराने त्याला खत मिळाले. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्येच 'नावल व नाटक' यांविषयी निबंध लिहून या प्रकाराचा समाचार घेतला. आणि १८८५ मध्ये हरिभाऊंची 'मधली स्थिती' अवतरल्यावर कादंबरी वयात आली. परीक्षेत एवढ्यावर चांगले गुण मिळत. वयात आलेल्या मुलाने खेळणी टाकून द्यावी तसे आम्ही हे वाङ्मय टाकून दिले.

टिपणवहीत जे नव्हते ते असे. हरिभाऊंनी 'मधली स्थिती'ला हात घातला तोही रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाचे बोट धरूनच. हा जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स लंडनमध्ये १८४४ पासून पेनी-पेनीच्या साप्ताहिक पुस्तिकांतून रहस्यकथा लिही. इंग्रजी विद्वानांनी त्याला दारात उभे केले नाही. आपल्याकडे मात्र तो घरोघर गेला. गोविंद नारायण दातारशास्त्री (१८७३–१९४१) यांनी त्याच्या कथानकांवर आपल्या कित्येक कादंबऱ्या उभारल्या आणि त्यांना असे देशी वस्त्र नेसविले की वाचणाऱ्याला लंडनचा वासही येऊ नये. म्हणजे हरिभाऊंचा आणि दातारांचा मूळ झरा एकच. एकाचे पाणी आम्ही तीर्थ म्हणून प्यालो आणि दुसऱ्याचे सांडून दिले. इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या कठोर माणसानेसुद्धा १९०२ मध्ये 'कादंबरी' हा निबंध लिहिताना अद्भुत आणि वास्तव या दोन्ही मार्गांचा गंभीरपणे विचार केला होता. आम्ही तेवढीही तसदी घेतली नाही.

नाथमाधवांचे तर चरित्रच कादंबरीसारखे. द्वारकानाथ माधवराव पितळे हे त्यांचे मूळ नाव, जन्म १८८२. शिकारीच्या नादात ऐन तारुण्यात सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. लेखक झाले ते त्यानंतर, अंथरुणावर पडल्यापडल्या. 'वीरधवल' १९१३ मधली. तीतला नायक घोड्यावर मांड ठोकून दऱ्याखोऱ्यांतून दौडतो, तेव्हा त्याला दौडविणाऱ्याला स्वतःला उठून उभेही राहता येत नव्हते, हे आम्ही आता विसरू शकत नाही. १९२८ मध्ये ते गेले. शेहेचाळीस वर्षांचे आयुष्य.

वहीतील त्या सह्या पाहिल्यापासून एक प्रश्न आम्हांस सोडीना. या पुस्तकांना वाचक होते हे ठीक. पण इंदुरात, इतक्या वर्षांनंतर, खांडेकर-फडक्यांना मागे सारून हीच का? आजीची एक सवय आठवली तेव्हा त्याचे उत्तर सापडल्यासारखे वाटले.

आजी सामाजिक कादंबऱ्याही वाची, पण त्या वाचताना ती मधूनमधून थांबे. नायक पुण्याच्या टेकडीवर फिरावयास जाई, नायिका अमक्या पेठेत राही, गिरगावातली चाळ, दादरचे स्टेशन, कॉलेजातले स्नेहसंमेलन असे काहीबाही येई. लेखक ते सगळे वाचकाला ठाऊकच आहे असे गृहीत धरून लिही. आजीचा जन्म इंदुरातला, पुणे तिने दोनदा पाहिलेले, मुंबई एकदा. ती पुस्तक खाली ठेवी आणि म्हणे, "असेल बाई तिकडे तसे." त्या एका 'तिकडे' मध्ये बृहन्महाराष्ट्रातील आपणां सर्वांचे दुःख भरलेले आहे. मराठी आपली, पण मराठीतले गाव दुसऱ्यांचे. घरात पाहुणे म्हणून बसावे तसे आपण त्या कादंबऱ्यांत बसत होतो.

वीरधवलाच्या मुलखात मात्र ती अडचण नव्हती. तो मुलूख कोणत्याच नकाशात नाही. तो पुण्यापासून जितका दूर तितकाच इंदुरापासून, बडोद्यापासून, ग्वाल्हेरपासून, तंजावरपासून. तेथील अरण्य आम्ही मानपूरच्या घाटात पाहिले होते, किल्ला मांडवगडावर, आणि गुहेचे द्वारपाल तर मंदिराच्या महाद्वारावर रोजच उभे असत. अस्सल पुणेकरालाही तेथे आमच्याहून अधिक काही ठाऊक नव्हते. मराठीतील एवढाच एक प्रदेश होता जेथे आम्ही तिऱ्हाईत नव्हतो.

आणि दुसरेही एक. पोथीचा शेवट आजीला पाठ होता. रावण मरणार, कंस मरणार. कादंबरीत पुढे काय हे पहिल्या वाचनात तिलाही ठाऊक नसे. देवाधर्माच्या पलीकडचा, निव्वळ "आता काय होईल" याचा आनंद आपल्या घरांतील बायकांना प्रथम या पुस्तकांनी दिला. सासरी दिवसभर जे होणार ते सकाळीच माहीत असलेल्या बाईला या अनिश्चिततेचे मोल केवढे असेल, याचा विचार वाङ्मयाच्या इतिहासाने कधी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

दोष नाहीत असे नव्हे. पुस्तके पुन्हा वाचताना आम्ही ते डोळ्यांआड करू शकलो नाही. खलपुरुष बहुधा काळाकभिन्न आणि सज्जन गोरापान, ही वर्णाची विभागणी आज वाचवत नाही. नायिका फार मूर्च्छित पडतात. योगायोग तर इतके की शेवटी शेवटी लेखकालाच संकोच वाटत असावा. मंत्रतंत्रावर तरुण मुलांचा विश्वास बसेल अशी भीती पूर्वी घातली जाई. ती मात्र आम्हांस पटत नाही. आमच्या गच्चीवरील सहा मुलांपैकी एकही मांत्रिक झाला नाही. दोघे इंजिनिअर आहेत.

या वेडाची भावंडे सातासमुद्रापलीकडेही आहेत हे आम्हांस एका माजी विद्यार्थ्यामुळे कळले. त्याने अमेरिकेहून येताना एक पुस्तक आणून दिले आणि म्हणाला, "सर, हा त्यांचा वीरधवल." अमेरिकेत १९२३ पासून 'वीअर्ड टेल्स' नावाचे एक मासिक निघे, लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या हलक्या, खरखरीत कागदावर छापलेले. त्या कागदावरूनच अशा साऱ्या वाङ्मयाला तिकडे 'पल्प' हे नाव पडले. त्यात टेक्ससमधील क्रॉस प्लेन्स या लहानशा गावात राहणाऱ्या रॉबर्ट हॉवर्ड नावाच्या तरुणाने डिसेंबर १९३२ मध्ये कोनन नावाच्या रानटी योद्ध्याची पहिली कथा प्रसिद्ध केली. एका बाजूला तलवार, दुसऱ्या बाजूला चेटूक, मध्ये इतिहासपूर्व काळातील कल्पित राज्ये. या प्रकाराला 'तलवार आणि चेटूक' अशा अर्थाचे नाव पुढे १९६१ मध्ये फ्रिट्झ लायबर या लेखकाने दिले. हॉवर्डने मात्र १९३६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, स्वतःच्या हाताने आयुष्य संपविले होते.

त्या पुस्तकातील एका कथेने आम्ही चमकून उठून बसलो. १९३४ मध्ये तीन अंकांत आलेली ती कथा 'वेंध्या' नावाच्या राज्याची आहे. त्याची राजधानी अयोध्या, राज्य करणाऱ्या राजकन्येची पदवी 'देवी', पण तिचे नाव यास्मिना! नावांची खिचडी आहे खरी. पण वेंध्या म्हणजे आपला विंध्य, दुसरे काय? आमच्या गावापासून दोन तासांवर जो डोंगर नर्मदेकडे उतरतो, त्याचे नाव टेक्ससमधल्या एका मुलाने कोठेतरी वाचले आणि त्याचा अद्भुत देश केला. आपण गच्चीवर बसून ज्या दूरच्या मुलखाची स्वप्ने पाहत होतो, त्या मुलखात बसलेला एक जण आपल्या डोंगराची स्वप्ने पाहत होता. आजीला हे सांगावयास हवे होते.

विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. हॉवर्ड गेला तेव्हा त्याचे नाव थोडक्या वाचकांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हते. ते जिवंत ठेवले ते वाचकांनी. त्यांनी पदरमोड करून लहानलहान पत्रिका काढल्या, जुने अंक जपले, कथांच्या आवृत्त्यांवर वाद घातले. १९६६ पासून स्वस्त पुस्तकांच्या रूपाने कोनन पुन्हा बाहेर पडला आणि मग जगभर गेला. क्रॉस प्लेन्समधील त्याचे घर आज वस्तुसंग्रहालय आहे आणि दरवर्षी देशोदेशींचे वाचक तेथे जमतात. ते ऐकत असता आमच्या डोळ्यांपुढे रद्दीवाल्याची तागडी येत होती.

आता त्या वृद्ध बाईंकडे वळू. त्यांना सत्य सांगावयास आम्हांस आठ दिवस लागले. घरी जाऊन, चहा घेऊन, एकदाचे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, पण मग त्याला आता काय वाचू?" हा 'तो' म्हणजे त्यांचा बंगळुरूचा नातू, वय वर्षे नऊ. घरी इंग्रजी बोलणारा, शाळेत कन्नड शिकणारा. रोज रात्री नऊ वाजता आजी त्याला टेलिफोनवरून अर्धा तास कादंबरी वाचून दाखवी. 'वीरधवल' दुसऱ्यांदा चालू होते, म्हणूनच ते परत करावयाचे राहिले होते. मुलाच्या आईबापांशी त्याचे मराठी चार वाक्यांचे. आजीला मात्र तो 'खलिता म्हणजे काय', 'अभेद्य म्हणजे काय' असे विचारी.

आम्ही दुसऱ्याच दिवशी रद्दीवाल्याकडे गेलो. माल केव्हाच पुढे गेला होता. मग पुण्याच्या ओळखीच्या दुकानदारास पत्र घातले. नाथमाधवांच्या आणि दातारांच्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत हे तेव्हा कळले. तीस वर्षे मराठीचा अभ्यासक म्हणविणाऱ्यास ते ठाऊक नव्हते. पहिल्या खेपेस अकरा पुस्तके आली. मंडळाकडून पैसे मागण्यास तोंड नव्हते, तेव्हा खर्च आमचा. केतकरांशेजारी दातारशास्त्री बसविले. दोघांपैकी कोणीही तक्रार केली नाही. वाळवीच्या भीतीने आता कडुनिंबाचा पाला पाने सुकली की बदलतो.

त्या अकरांत जी नाहीत अशी पुष्कळ पुस्तके आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात असतील याविषयी आम्हांस शंका नाही. घर आवरताना ती प्रथम बाहेर पडतात. बडोदे, ग्वाल्हेर, देवास, जबलपूर, हैदराबाद येथील वाचकांना आमची विनंती आहे की तागडीत घालण्यापूर्वी एक कार्ड मासिकाच्या पत्त्यावर टाकावे. पुस्तक फाटके असले तरी चालेल. मुखपृष्ठ नसले तरी चालेल. टपालखर्च आम्ही देऊ.

शेवटची पाने नसली तरीही चालेल. आमच्या आजीजवळच्या एका कादंबरीची शेवटची सोळा पाने गहाळ होती. दर वर्षी तेथपर्यंत आले की ती पुस्तक मिटून शेवट तोंडी सांगे; नायकाचा पांढरा घोडा एकटाच किल्ल्याच्या दाराशी परत येतो आणि त्याच्या खोगिरात राजकन्येची अंगठी सापडते, असा. त्या अकरांत तीही कादंबरी आली. आम्ही सर्वांत आधी तिची शेवटची सोळा पाने उघडली. त्यांत घोडाही नाही आणि अंगठीही नाही. इंजिनिअर झालेल्या थोरल्या चुलतभावास हे अजून कळविलेले नाही. बंगळुरूच्या मुलास मात्र गेल्या महिन्यात दोन्ही शेवट सांगितले. त्याने थोडा वेळ विचार केला आणि टेलिफोनवरून विचारले, "घोड्याचे नाव काय होते?"

आजीने ते सांगितले होते खरे. आम्ही चुलतभावास त्यासाठी तरी पत्र लिहिणार आहोत.